जबडा विकत मिळत नाही : 'ई.व्ही.ओ.' या जुन्या गेमकडे संशोधकाच्या नजरेने

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरने तिच्या सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा मला वाचायला दिला. विषय चांगला होता, नद्यांमधल्या गॅरा माशांचा. हा मासा लहान असतो, खालच्या ओठामागे त्याला चकतीसारखा भाग असतो आणि त्याच्या जोरावर तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो. दुसऱ्या पानावर वाक्य होतं, 'जोरदार प्रवाहात टिकून राहण्यासाठी या माशाने चकती विकसित केली.' मी पेन्सिलने रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'कोणत्या माशाने?'

तिचा मेसेज आला, 'ताई, कोणत्या म्हणजे? गॅराने!'

तिला हसू नका. माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रकरणात शिवड्याच्या मिशांबद्दल जवळपास हेच वाक्य होतं. गढूळ पाण्यात भक्ष्य शोधण्यासाठी माशाने मिशा वाढवल्या, असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. गाईड मॅडमनी ते प्रकरण परत केलं तेव्हा समासात एवढंच होतं, 'त्याला कुणी सांगितलं होतं?' मला राग आला होता. भाषेची सोय आहे, अर्थ कळतोय ना, असं वाटलं होतं. नंतर आकडेवारी मांडायला बसले तेव्हा कळलं की सोय फक्त भाषेपुरती नव्हती. मी माशांची मापं घेताना प्रत्येक ठिकाणची सरासरी काढून ठेवत होते आणि माशा-माशांतला फरक 'मोजमापातली चूक' म्हणून बाजूला टाकत होते. ज्या फरकावर निवड चालते तोच मी फेकून देत होते. मॅडमच्या एका ओळीने माझं सहा महिन्यांचं काम वाचवलं, तरी सुरुवातीच्या दोन ठिकाणांची मापं पुन्हा घ्यावी लागलीच.

ज्युनिअरला हे समजावताना मला एक जुना व्हिडिओ गेम आठवला. रेघ मारून जेवढं कळलं नसतं तेवढं तिला त्या गेममुळे कळलं. म्हणून आजचा लेख त्या गेमवर. गेमचं परीक्षण आहे, पण तुम्ही पेट, नेट किंवा मुलाखतीची तयारी करत असाल तर वेळ वाया जाणार नाही.

गेमचं नाव 'ई.व्ही.ओ. : सर्च फॉर ईडन'. जपानमध्ये तो १९९२ मध्ये सुपर फॅमिकॉमवर आला आणि १९९३ मध्ये अमेरिकेत सुपर निन्टेन्डोवर. बनवणारी कंपनी आल्मॅनिक, बाजारात आणणारी एनिक्स, म्हणजे 'ड्रॅगन क्वेस्ट'वाली, आणि संगीतही त्याच मालिकेच्या कोइची सुगियामांचं. जपानी नावाचा अर्थ साधारण '४६० कोटी वर्षांची गोष्ट' असा होतो. त्याआधी १९९० मध्ये याच मंडळींनी पीसी-९८ या जपानी संगणकासाठी याच कल्पनेचा एक गेम केला होता, त्यात आळीपाळीने चाली खेळायच्या असत. आपल्याकडे त्या काळी घराघरांत 'टीव्ही गेम' म्हणून जे यायचं त्यात मारिओ आणि काँट्रा असलेली आठ बिटची कॅसेट असायची, हा गेम नव्हे. मीसुद्धा तो फार उशिरा, कॉम्प्युटरवर खेळले.

गोष्ट अशी. सूर्याची मुलगी गाया जाहीर करते की सर्व जीवांमध्ये जो टिकेल, वरचढ ठरेल, तो ईडनमध्ये तिचा जोडीदार होईल. तुम्ही सुरुवात करता एका छोट्या, मऊ, कुणीही खाऊन टाकावं अशा माशापासून. दुसऱ्या प्राण्याला चावून मारायचं, त्याचं मांस खायचं, की 'इव्हो पॉइंट' मिळतात. पुरेसे पॉइंट साठले की एक यादी उघडते : जबडा, शिंग, मान, अंगाचा आकार, हातपाय, पाठीवरचा पर, शेपूट. प्रत्येकासमोर किंमत. पॉइंट भरा, आणि माशाला त्याच क्षणी नवा जबडा येतो. मोठा शत्रू हरवला की पुढचं युग. पाण्यातले जीव, मग जमिनीवरचे पहिले प्राणी, मग डायनासोर, मग हिमयुग, आणि शेवटी आदिमानवाचा काळ.

गेम खेळायला मजा येते, हे आधीच सांगून टाकते. सुरुवातीचा मासा जेलीफिशला चावत चावत मोठा होतो, पहिल्यांदा शार्कसमोर जातो, मरतो, परत येतो. मेल्यावर साठवलेले अर्धे पॉइंट जातात, त्यामुळे जीव खरंच वरखाली होतो. चित्रं साधी आहेत, पण प्रत्येक जबड्याची, प्रत्येक शेपटीची जोडणी वेगळी दिसते. माझा प्राणी तुमच्या प्राण्यासारखा होणार नाही. काही ठिकाणी तेच तेच शत्रू मारत पॉइंट जमवण्याचा कंटाळा येतो हे खरं, पण शिवड्याच्या मिशा सहा महिने मोजलेल्या माणसाने कंटाळ्याबद्दल काय बोलावं.

आता विज्ञान. सोपं परीक्षण असं लिहिता येईल : उत्क्रांती अशी होत नाही, पॉइंट नसतात, एका प्राण्याला जिवंतपणी नवा जबडा फुटत नाही, सबब गेम चूक. २००८ मध्ये 'स्पोर' नावाचा गेम आला तेव्हा 'सायन्स' साप्ताहिकात जीवशास्त्रज्ञांच्या मदतीने त्याला चक्क शाळेसारखं प्रगतिपुस्तक दिलं गेलं होतं, आणि गुण काही बरे नव्हते. पण असं परीक्षण लवकर संपतं. कोणतंही मॉडेल वास्तवापेक्षा वेगळंच असतं. तुमच्या पेपरमधलं समीकरणसुद्धा. वेगळेपण मोजत बसण्यापेक्षा विचारायचं ते हे की मॉडेलने नेमकी कोणती गोष्ट गाळली, आणि ती गाळल्यावर उरलेलं यंत्र चालतं का.

ई.व्ही.ओ.ने गाळलेली गोष्ट म्हणजे समूह. या गेममध्ये मासे आहेत, माशांची वस्ती नाही. पडद्यावर दहा जेलीफिश दिसतील, पण त्या दहा एकसारख्या, एकाच साच्यातल्या. वेगळा असतो तो फक्त नायक, आणि त्याचं वेगळेपण त्याने पैसे मोजून घेतलेलं असतं. पिल्लं नाहीत, वारसा नाही, पिढी नाही. पन्नास कोटी वर्षं एकच जीव जगतो. शरीर बदलतो, पण 'तो' तोच राहतो. आपल्याकडे मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम दाखवून 'हे तर दशावतारात आहेच' असं म्हणणारे नेहमी भेटतात. तिथेही तेच : रूपं अनेक, रूप घेणारा एक. ती कथा म्हणून तिच्या जागी ठीक आहे. उत्क्रांतीत मात्र रूप घेणारा कुणी नसतोच. फरक असलेले पुष्कळ जीव असतात, त्यांतले काही जास्त पिल्लं मागे ठेवतात, आणि पुढच्या पिढीची सरासरी थोडी सरकते. एवढंच.

हे 'एवढंच' प्रत्यक्षात कसं दिसतं याचं उत्तम उदाहरण गालापागोसमधलं आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य १९७३ पासून डॅफ्नी मेजर या छोट्याशा बेटावर फिंच पक्षी मोजत होतं. जमेल तितका प्रत्येक पक्षी पकडायचा, पायात कडं घालायचं, चोच मोजायची. १९७७ मध्ये पाऊस पडला नाही. बारीक, मऊ बिया संपल्या आणि उरली ती कडक फळं. त्यात आपल्या सराट्याच्या एका जातभाईची काटेरी फळं होती. अनवाणी चालताना जो काटा आपल्याला रडवतो, त्याच कुळातला. मध्यम आकाराच्या भू-फिंचपैकी साधारण ८५ टक्के पक्षी मेले. जे वाचले त्यांच्या चोची सरासरीने जास्त जाड होत्या, आणि पुढे त्यांच्या पिल्लांच्याही. एकाही पक्ष्याने चोच वाढवली नाही. मेलेल्यांची चोच मरेपर्यंत होती तेवढीच राहिली, वाचलेल्यांचीही. बदलली ती वस्ती. पुढे १९८३ च्या एल निनोच्या मुसळधार पावसाने बारीक बियांचं पीक आलं, आणि त्यानंतरच्या दुष्काळात फायदा लहान चोचीवाल्यांचा झाला. म्हणजे दिशा उलटली. ई.व्ही.ओ.च्या यादीत प्रत्येक महागडा जबडा आधीच्यापेक्षा 'वरचा' असतो. डॅफ्नी मेजरवर वरचा-खालचा असं काही ठरलेलं नव्हतं. त्या वर्षी जमिनीवर काय पडलंय, यावर सगळं.

ज्युनिअरच्या वाक्यात हेच तर हरवलं होतं. 'टिकून राहण्यासाठी चकती विकसित केली' या मराठी वाक्याला कर्ता हवा, म्हणून आपण एक मासा आणून बसवतो. 'साठी' म्हटलं की हेतू आला. व्याकरणाने आपल्या हातात ई.व्ही.ओ.चा रिमोट दिल्यासारखं होतं. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. तो धडा आपण सगळे शिकून आलो, मान ताणणाऱ्या जिराफाचं लामार्कचं म्हणणं मागे पडलं हे परीक्षेत लिहून आलो, आणि बी.एस्सी. होऊन पुन्हा जिराफाचीच वाक्यं लिहितो. मी लिहिली होती.

यावर उपाय म्हणून 'साठी' कायमचा हद्दपार करा असं मी म्हणणार नाही. बोलताना मीही वापरते. पण प्रबंधात एकदा तरी ते वाक्य मोडून बघा : कुणात फरक होता, तो वारशाने जात होता का, त्यामुळे पिल्लांच्या संख्येत काय फरक पडला. तिन्हींची उत्तरं तुमच्याकडे नसतील तर तुम्ही निष्कर्ष लिहिलेला नाही, गृहीतक लिहिलंय. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ते गृहीतकाच्या जागी, प्रस्तावनेत गेलं पाहिजे.

दुसरी गोष्ट जमिनीवर येण्याची. गेममध्ये हा मोठा क्षण आहे. समुद्रातली शेवटची लढाई जिंकली की गाया तुम्हाला जमिनीवर यायची संधी देते आणि मासा उभयचर होतो. आधी विजय, मग किनारा, मग पाय. जीवाश्म वेगळंच सांगतात. ग्रीनलँडमध्ये सापडलेला ॲकॅन्थोस्टेगा साधारण ३६.५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला पाय आहेत, बोटं आहेत, तीही एका पायाला आठ, पण ते पाय अंगाचं ओझं जमिनीवर पेलतील असे नाहीत आणि श्वासासाठी कल्लेही आहेत. हा पाण्यातला प्राणी. म्हणजे पाय पाण्यात असतानाच आले, जमिनीवर त्यांचा उपयोग नंतर झाला. कॅनडाच्या उत्तरेला सापडलेल्या टिकटालिकने हे चित्र आणखी भरलं.

पण इथे जरा थांबा. टिकटालिकवरचे शोधनिबंध २००६ मध्ये आले. ॲकॅन्थोस्टेगाची आठ बोटं जाहीर झाली १९९० मध्ये, गेमच्या दोनच वर्षं आधी. १९९२ च्या गेमला २००६ च्या शोधावरून नापास करणं म्हणजे साहित्य परीक्षणात आपण जी चूक नेहमी करतो तीच. 'अमुक यांनी तमुक घटक विचारात घेतला नाही' असं लिहिण्यापूर्वी तो घटक त्यांच्या वेळी माहीत होता का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. त्यामुळे पायांच्या क्रमाबद्दल मी गेमला माफ करते. समूह गाळल्याबद्दल नाही, कारण डार्विनचं पुस्तक १८५९ चं आहे.

हवेत श्वास घेणारा मासा बघायला मात्र ग्रीनलँड गाठायची गरज नाही. नाशिकच्या मासळी बाजारात टोपलीत बोटभर पाण्यात तासन्‌तास वळवळणारा मरळ बघा. त्याच्या कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत हवेतला प्राणवायू घेणारं इंद्रिय असतं. वर येऊ दिलं नाही तर तो पाण्यातच गुदमरू शकतो, आणि ओल्या जमिनीवरून थोडं अंतर सरपटतही जातो. ई.व्ही.ओ.च्या हिशेबाने हा मरळ अर्धा रस्ता चाललेला, पुढच्या युगाच्या दारात उभा असलेला मासा. प्रत्यक्षात तो कुठल्याच दारात उभा नाही. उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यात त्याचं चाललंय, आणि ते उत्तम चाललंय. बेडकाच्या पूर्वजांशी त्याचा थेट संबंध नाही, हवा घेण्याची युक्ती त्याच्या घराण्यात स्वतंत्रपणे आली. 'अर्धवट उत्क्रांत झालेला जीव' हे शब्द मुलाखतीत तोंडातून निघाले तर समोरचे सर पेन खाली ठेवतात, हे मी पाहिलंय.

आता एवढं सगळं बोलून झाल्यावर गेमच्या बाजूने. ई.व्ही.ओ.मध्ये एक खोड आहे. तुम्ही कुठलाही अवयव बदललात की तुमची जीवनशक्ती पूर्ण भरते. खेळणाऱ्यांना हे पटकन कळतं, आणि मग खेळायची पद्धतच बदलते. अंतिम, सर्वोत्तम प्राण्यासाठी पॉइंट जपून ठेवायचे असं ठरवलेलं असतं, पण शत्रूसमोर जीव टांगणीला लागला की माणूस यादी उघडतो आणि परवडेल ते घेतो. नको असलेलं शिंग, कामाची नसलेली शेपूट. जीव वाचतो, पुढे चालता येतं. युगाच्या शेवटी तुमचा प्राणी म्हणजे ठरवून केलेली रचना नसते, वेळोवेळी निभावलेल्या संकटांची गोधडी असते. मला वाटतं गेम बनवणाऱ्यांनी हे जीवशास्त्र म्हणून केलेलं नाही, खेळ सोपा करायला केलंय. पण उत्क्रांतीला पुढचं दिसत नाही, आत्ताचं निभावलं की झालं, ही गोष्ट कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा तो पेच अंगठ्याला जास्त चांगली शिकवतो. शिवाय अंग मोठं केलं, चिलखती पाठ घेतली, की चपळाई आणि उडी घटते. फुकट काही नाही. हा व्यवहार मला ज्युनिअरच्या गॅरामध्येही दिसतो : दगडाला चिकटून राहणारा मासा मोकळ्या पाण्यात लांब पोहणारा नसतो.

आणखी एक. शेवटचा शत्रू बोलबॉक्स, हा एक अवाढव्य एकपेशीय जीव आहे. जादूच्या स्फटिकांमुळे मातलेला, स्वतःला मानवापेक्षा कमी न समजणारा. गेम त्याच्याकडे तुच्छतेने बघतो, पेशी ती पेशी आणि म्हणे ईडनमध्ये जायचंय. इथे माझी सहानुभूती बोलबॉक्सकडे जाते. एकपेशीय जीव मागे राहिलेले नाहीत, आपल्याइतकीच वर्षं तेही बदलत आलेत. रिचर्ड लेन्स्कींनी २४ फेब्रुवारी १९८८ ला बारा फ्लास्कमध्ये ई. कोलाय जिवाणू वाढवायला सुरुवात केली आणि तो प्रयोग अजून चालू आहे. दर पाचशे पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. गेम खेळणाऱ्याला हे लगेच कळेल : ही सेव्ह फाइल. तीस हजारांहून जास्त पिढ्यांनंतर बारापैकी एका फ्लास्कमधले जिवाणू अचानक सिट्रेट खाऊ लागले, जे ई. कोलाय प्राणवायू असताना एरवी खात नाही. हा निव्वळ योगायोग, की आधीच्या बदलांनी वाट तयार केली होती? लेन्स्कींच्या गटाने गोठवलेले जुने नमुने काढून पुन्हा पुन्हा तोच खेळ खेळून पाहिला. सिट्रेट खाणारे पुन्हा निघाले, पण फक्त नंतरच्या पिढ्यांपासून सुरुवात केली तेव्हाच. म्हणजे आधी काहीतरी घडलेलं असणं गरजेचं होतं. २००८ चा तो शोधनिबंध संशोधनाची रचना कशी करावी हे शिकायला मी कुणालाही वाचायला देईन.

आता शेवटचा आक्षेप, आणि त्यासाठी तुम्हाला नाशिकमध्येच फिरवून आणते. ई.व्ही.ओ.मध्ये डायनासोरांचं युग संपतं आणि पुढचं प्रकरण उघडतं ते थेट बर्फाचं. बिगर-पक्षी डायनासोर संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी. ज्याला आपण हिमयुग म्हणतो ते सुरू झालं सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी. मधली सहा कोटींहून अधिक वर्षं गेमने एका दमात उडवली. देवमाशांचे पूर्वज पाण्यात गेले ते याच काळात, गवताळ प्रदेश पसरले तेही याच काळात. पहिल्यांदा खेळले तेव्हा मला हा निव्वळ आळस वाटला.

मग एकदा मापं घ्यायला नांदूर मध्यमेश्वरला गेले होते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथला बंधारा, पक्ष्यांमुळे २०१९ पासून रामसर यादीत असलेला, महाराष्ट्रातला असा पहिला. सगळे पक्षी बघायला जातात. पण याच परिसरातल्या गोदावरीच्या गाळातून एका प्रचंड, आता नामशेष झालेल्या हत्तीची कवटी मिळाली होती आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये तिच्यावर लिहिलं. सरळ सुळ्यांचा, पॅलिओलोक्सोडॉन नामाडिकस. हिमयुगातला प्राणी. वर शहराकडे या, गंगापूरजवळ ह. धी. सांकलियांना गोदावरीकाठी अश्मयुगीन हत्यारं मिळाली, त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९५२ चा. म्हणजे गेमचं शेवटचं प्रकरण.

आणि या गाळाच्या खाली काय? काळा कातळ. पांडवलेणी ज्यात कोरली तोच, इगतपुरीच्या घाटात दिसतो तोच. दख्खनच्या बसाल्टच्या एका थरसमूहाला भूवैज्ञानिक 'इगतपुरी'च म्हणतात. हा लाव्हा ओतला गेला तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोरांच्या शेवटाच्या आगेमागे. खुद्द डायनासोर बघायचे तर चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला जावं लागेल. तिथल्या शेणाच्या जीवाश्मांत गवताचे अंश मिळाले, हे संशोधन २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. नाशिकच्या जमिनीत मात्र डायनासोरांच्या अखेरचा कातळ आहे आणि त्याच्यावर थेट हिमयुगातल्या हत्तीचा गाळ. मधलं जवळपास काही नाही.

जिला मी गेमचा आळस म्हणत होते ती उडी माझ्या पायाखाली होती. फक्त नाशिकच्या जमिनीवरून गोष्ट लिहायची म्हटली तर मीही ई.व्ही.ओ.सारखीच लिहीन : लाव्हा थंड झाला, मग हत्ती आले. आपल्याकडे सहा कोटी वर्षं काही घडलं नाही असं नाही, घडलेलं इथे साठलं नाही किंवा झिजून वाहून गेलं. नोंद नसणं आणि घटना नसणं यात हा एवढा फरक आहे. माझ्याच तक्त्यात मार्च महिन्यात एका ठिकाणी 'मासा आढळला नाही' असं लिहिलेलं आहे. त्या दिवशी जाळं फाटलं होतं. आता मी त्या चौकटीत शून्य लिहीत नाही, चौकट रिकामी ठेवते आणि खाली कारण लिहिते.

तरी गेमला या बाबतीत मी पूर्ण सोडत नाही. दगड झिजतो, त्याला इलाज नसतो. बनवणाऱ्यांसमोर त्या वेळची पुस्तकं होती. एक छोटं प्रकरण, पाण्यात परत जाणाऱ्या सस्तन प्राण्याचं, सहज बसलं असतं, आणि 'पुढे म्हणजेच वर' ही गेमची सगळ्यात मोठी खोड त्याने थोडी तरी मोडली असती.

खेळून बघाच. खेळताना वही जवळ ठेवा आणि प्रत्येक वेळी यादी उघडली की का उघडली ते लिहा : पुढच्या योजनेसाठी, की जीव जात होता म्हणून. माझ्या वहीत पहिल्या युगात दुसऱ्या कारणाच्या रेघा पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त निघाल्या.

ज्युनिअरचा सुधारलेला मसुदा रविवारी आला. ते वाक्य आता असं आहे : 'जोरदार प्रवाहाच्या ठिकाणी मिळालेल्या गॅरांमध्ये चकतीची रुंदी सरासरीने जास्त आहे का, आणि एकाच ठिकाणच्या माशांमध्ये ती किती बदलते, हे तपासायचे आहे.' खाली तिने लिहिलंय, 'ताई, गेममध्ये डायनासोरपर्यंत पोचले, पण अर्धे पॉइंट गेले.'